दांडी मागे, नाक वर!

उजळाईवाडीच्या विमानतळावरून उडणारे विमान तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. धावपट्टीवरून ते वेग घेत जाते, मग त्याचे नाक किंचित वर होते आणि पाहता पाहता चाके जमीन सोडतात. नाक वर होते ते इंजिनाच्या जोराने, अशी पुष्कळांची समजूत असते. खरी गोष्ट अशी, की त्या क्षणी विमानाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, शेपटीवर, एक आडवी फळी काही अंशांतून तिरपी होते आणि नाक उचलण्याचे काम तीच करते. या फळीला इलेव्हेटर म्हणतात. मराठीत आपण तिला उत्थापक म्हणू. इमारतीतील लिफ्टलाही हाच इंग्रजी शब्द वापरतात, पण त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

मोठ्या प्रवासी विमानात वैमानिकाचा हात आणि हा उत्थापक यांच्यामध्ये तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रे आणि विजेची उपकरणे असतात. परंतु दोन-चार माणसांच्या लहान विमानात तसे काही नसते. तेथे असतात पोलादी दोर, कप्प्या, तरफा आणि पोकळ सळया. म्हणजे शाळेच्या पुस्तकातील 'साधी यंत्रे' हा धडाच तेथे पसरलेला असतो. हा धडा विमानात नीट जुळवला तर विमान आज्ञेत राहते. जुळवताना एक दोर चुकला तर काय होते, तेही या लेखात पाहू.

घरी बांधलेले विमान

विमान कारखान्यातच तयार होते असे नाही. अनेक देशांत हौशी मंडळी घराच्या आवारात, गॅरेजमध्ये किंवा गोठ्यासारख्या शेडमध्ये स्वतः विमान बांधतात. काही जण नकाशे मिळवून प्रत्येक भाग हाताने करतात, तर काही जण तयार भागांचा संच आणून तो जोडतात.

आपल्या महाराष्ट्रातील याचे गाजलेले उदाहरण म्हणजे कॅप्टन अमोल यादव यांचे विमान. वैमानिकाची नोकरी करीत असतानाच त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे 'टॅक-००३' हे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत भरलेल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांना पाहायला मिळाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 'व्हीटी-एनएमडी' या अक्षरांखाली त्याची नोंदणी केली. उड्डाणाची परवानगी मिळाली ती ऑक्टोबर २०१९ मध्ये, आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची चाचणी झाली. बांधलेले विमान आणि उडू दिलेले विमान यांच्यामध्ये किती वर्षे जाऊ शकतात, ते या तारखांवरून दिसते.

ही वर्षे केवळ कागदपत्रांची असतात असे समजू नका. कारखान्यात एकाच नमुन्याची शेकडो विमाने बनतात. तेथे मापाचे साचे असतात, जोडणारा वेगळा असतो आणि तपासणारा वेगळा. घरी बांधणारा माणूस मात्र स्वतःच सुतार, लोहार, फिटर आणि तपासनीस असतो, आणि बहुधा पहिल्या उड्डाणाचा वैमानिकही तोच असतो. शिवाय घरात किंवा गच्चीवर बांधलेले विमान धावपट्टीपर्यंत न्यायचे तर पंख आणि शेपटी सुटी करावी लागते, आणि तेथे गेल्यावर सर्व सांधे पुन्हा जुळवावे लागतात. म्हणून उत्थापकाची जोडणी समजून घेणे हे घरी विमान बांधणाराच्या दृष्टीने जिवाचे काम आहे.

शेपटी नाक कसे उचलते?

बागेतील सी-सॉ डोळ्यांसमोर आणा. त्याचा टेकू मध्ये असतो. एक बाजू दाबली की दुसरी वर जाते. हवेतील विमानाला टेकू कोठला? विमान आपल्या गुरुत्वमध्याभोवती फिरते. शेपटीचे टोक खाली दाबले की नाक वर येते. शेपटी वर ढकलली की नाक खाली जाते.

उत्थापक शेपटीच्या आडव्या पंखाला बिजागरीने जोडलेला असतो. त्याची मागची कड वर केली की त्यावरून जाणारी हवा वरच्या दिशेने वळवली जाते. हवेला वर ढकलले, म्हणून न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे शेपटी खाली ढकलली जाते आणि नाक वर येते. तेव्हा सूत्र लक्षात ठेवा : उत्थापक वर, शेपटी खाली, नाक वर.

आता थोडे गणित करू. समजा, एका लहान विमानाचे एकूण वस्तुमान ६०० किलोग्रॅम आहे. गुरुत्वीय त्वरण सोयीसाठी १० धरले, तर त्याचे वजन ६००० न्यूटन झाले. शेपटी गुरुत्वमध्याच्या मागे ४ मीटरवर आहे. उत्थापक थोडा हलवल्याने शेपटीवरील बल १५० न्यूटनने, म्हणजे साधारण १५ किलो वजनाइतके, बदलले. बल आणि भुजा यांचा गुणाकार म्हणजे परिबल. म्हणून,

परिबल = १५० × ४ = ६०० न्यूटन-मीटर.

आता दुसऱ्या बाजूने पाहा. विमानातील सामान मागे ठेवल्यामुळे गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर, म्हणजे ०.१ मीटर, मागे सरकला असे समजा. त्यामुळे निर्माण होणारे परिबल ६००० × ०.१ = ६०० न्यूटन-मीटर, म्हणजे तेवढेच! गुरुत्वमध्याचे वीतभरही नसलेले सरकणे आणि शेपटीवरचे १५ किलो यांची बरोबरी होते. हे उदाहरण मनात असू द्या. पुढे एका अपघाताच्या वेळी ते उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट. हवेचे हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा झाला की तोच उत्थापक त्याच कोनात असूनही पाव बलच देतो. म्हणून भरधाव जाताना उत्थापक जरासाच हलवून भागते, परंतु उड्डाण आणि उतरणे या दोन्ही वेळी वेग कमी असल्याने तो पुष्कळ हलवावा लागतो. त्याचा पूर्ण फेरा ज्या वेळी लागतो त्याच वेळी जमीन जवळ असते.

दोर की सळई?

वैमानिकाचा हात विमानाच्या पुढच्या भागात आणि उत्थापक शेवटच्या टोकाला. हाताची हालचाल तेथवर न्यायची कशी? याची दोन उत्तरे तुमच्या सायकलींवरच आहेत. जुन्या धाटणीच्या काळ्या सायकलीचा ब्रेक सळयांनी चालतो. नव्या सायकलीचा ब्रेक तारेने चालतो. विमानातही हेच दोन मार्ग आहेत.

सळई ओढताही येते आणि ढकलताही येते, म्हणून एकच सळई दोन्ही कामे करते. पण ढकलताना ती वाकण्याची भीती असते. हे घरी करून पाहा. खराट्याची एक लांब हीर घ्या, ती स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर उभी धरा आणि वरून हळूहळू दाबा. ती मध्ये फुगते त्या वेळचे वजन टिपून घ्या. मग तिचा निम्मा तुकडा घेऊन हाच प्रयोग करा. निम्म्या लांबीची हीर सुमारे चौपट भार सोसते. ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात हा नियम मांडला : वाकवणारा भार लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणूनच विमानात एकच लांबलचक सळई न घालता तिचे तुकडे करतात आणि मध्ये झुलत्या तरफांचा आधार देतात. सळई भरीव न ठेवता नळीसारखी पोकळ ठेवतात, कारण तेवढ्याच धातूत नळी अधिक ताठ राहते. बांबू पोकळ असूनही किती ताठ असतो ते आपण पाहतोच.

दोर हलका असतो, कप्पीवरून वळवता येतो, पण तो फक्त ओढता येतो. दोरी ढकलता येत नाही. म्हणून दोर नेहमी जोडीने लागतात, एक उत्थापक वर करण्यासाठी आणि दुसरा खाली करण्यासाठी. विमानात वापरला जाणारा एक नेहमीचा दोर सात पेडांचा असून प्रत्येक पेडात १९ तारा असतात. ७ × १९ = १३३ बारीक तारा! इतक्या तारा कशासाठी? जाड तार कप्पीवरून पुन्हा पुन्हा वळवली तर लवकर थकून तुटते. बारीक तारा सहज वळतात. सुमारे ३ मिलिमीटर जाडीचा असा पोलादी दोर तुटायला जवळजवळ ९०० किलो वजनाइतका ताण लागतो. वैमानिकाच्या हाताला एवढा जोर कधीच लावावा लागत नाही. तेव्हा या जोडणीत दोर तुटण्याचा प्रश्न क्वचितच येतो. प्रश्न येतो तो दोर चुकीच्या जागी लागण्याचा.

सरळ दिसते ते उलटे

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. त्यासाठी विमानाची आकृती वहीवर काढा. नाक डावीकडे, शेपटी उजवीकडे. डावीकडे एक उभी दांडी काढा. तिच्या खालच्या भागात एक खिळा आहे व त्याभोवती ती फिरते. या खिळ्याच्या थोडे वर एक भोक आणि थोडे खाली दुसरे भोक अशा दोन जागी दोर बांधायचे आहेत. उजवीकडे उत्थापक काढा. त्याच्या बिजागरीपाशी एक पट्टी वर आणि एक पट्टी खाली निघालेली आहे. या पट्ट्यांना शिंगे म्हणतात. दोरांची दुसरी टोके या शिंगांना बांधायची.

कोणता दोर कोठे बांधाल? पुष्कळ जण दांडीवरचे वरचे भोक वरच्या शिंगाला आणि खालचे भोक खालच्या शिंगाला जोडतात. दोर समांतर येतात, आकृती नीटनेटकी दिसते. आणि हे विमान पहिल्याच उड्डाणात कोसळेल!

का ते पाहा. वैमानिकाने दांडी मागे, म्हणजे आकृतीत उजवीकडे, ओढली. खिळ्याच्या वरचे भोकही उजवीकडे गेले, म्हणून वरचा दोर सैल पडला. खिळ्याच्या खालचे भोक मात्र डावीकडे गेले आणि त्याने खालचा दोर पुढे ओढला. तो दोर खालच्या शिंगाला बांधलेला असेल तर खालचे शिंग पुढे येते आणि उत्थापकाची मागची कड खाली जाते. शेपटी वर, नाक खाली. नाक वर करायला म्हणून दांडी ओढली आणि विमान जमिनीकडे वळले. घाबरलेला माणूस अशा वेळी दांडी आणखी मागे ओढतो!

बरोबर जोडणीत खालच्या भोकाचा दोर वरच्या शिंगाला आणि वरच्या भोकाचा दोर खालच्या शिंगाला जातो. म्हणजे दोर एकमेकांना ओलांडतात, फुलीसारखे होतात. याचे कारणही शोधू या. आपल्या आकृतीत दांडी मागे ओढणे म्हणजे ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवणे. उत्थापकाची मागची कड वर जाणे म्हणजे त्याने काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरणे. दोन्ही फिरती एकमेकींच्या उलट आहेत. आपल्या उद्यमनगरातील जुन्या माणसांना विचारा. पट्ट्यावर चालणाऱ्या लेथच्या काळात यंत्र उलटे फिरवायचे झाले, की दोन पुलींवरील पट्टा पीळ देऊन फुलीसारखा चढवीत. तोच हा न्याय.

येथे एक इशारा द्यायला हवा. प्रत्येक विमानात दोर फुलीसारखेच असतात असा नियम पाठ करू नका. मध्ये कोठे तरी एक तरफ किंवा काटकोनी झुलती पट्टी आली, की दिशा पुन्हा बदलू शकते. तेव्हा दोर कसे दिसतात यावर निर्णय द्यायचाच नाही. दांडी मागे ओढायची आणि उत्थापकाकडे पाहायचे. तो वर गेला तर जोडणी बरोबर. दुसरी कोणतीही कसोटी नाही.

किती हलावे?

दिशा बरोबर आली, आता प्रमाण पाहू. समजा, उत्थापक वरच्या बाजूला २५ अंश फिरायला हवा आणि त्याचे शिंग १० सेंटिमीटर लांब आहे. साइन २५° = ०.४२. म्हणून शिंगाचे टोक सुमारे ४.२ सेंटिमीटर ओढले गेले पाहिजे. दांडीवरील भोक खिळ्यापासून १२ सेंटिमीटरवर असेल, तर दांडी अशा कोनातून फिरावी लागेल की ज्याची साइन ४.२ ÷ १२ = ०.३५ आहे, म्हणजे साधारण २०.५ अंश. वैमानिकाचा हात खिळ्याच्या ५० सेंटिमीटर वर असेल, तर तो ५० × ०.३५ = १७.५ सेंटिमीटर मागे येईल. हात १७.५ सेंटिमीटर फिरला आणि दोर ४.२ सेंटिमीटर, म्हणून घर्षण सोडून दिल्यास हाताचे बल दोरात सुमारे चौपट होऊन पोचते. तरफेचा हाच हिशेब.

भोक खिळ्यापासून आणखी दूर पाडले तर हाताची थोडी हालचालही उत्थापकाला फार फिरवील आणि विमान अतिशय चंचल होईल. राइट बंधूंच्या १७ डिसेंबर १९०३ च्या विमानात उत्थापक पुढच्या बाजूला होता आणि तो जवळजवळ आपल्या मध्यावरच तोललेला असल्याने वाजवीपेक्षा अधिक फिरे. त्यामुळे त्या दिवशीची उड्डाणे खालीवर हेलकावे खात झाली.

उत्थापकाने किती अंश वर आणि किती अंश खाली फिरावे हे विमानाच्या नकाशात दिलेले असते. तेवढे फिरल्यावर त्याला अडवण्यासाठी पक्के अडसर बसवतात. बांधणारा माणूस कोनमापक लावून दोन्ही बाजूंचे कोन मोजतो. तुमच्या कंपासपेटीतील कोनमापक आणि एक ओळंबा एवढ्यावरही हे मोजमाप चांगले होते. दांडी मधोमध असताना उत्थापकही मधोमध हवा, ही तिसरी नोंद.

ताण आणि तापमान

दोर सैल असेल तर दांडी हलवूनही उत्थापक काही काळ जागीच राहील, शिवाय दोर कप्पीवरून घसरण्याची भीती. फार ताठ असेल तर घर्षण वाढेल, दांडी जड होईल, कप्प्या झिजतील. म्हणून ताण नेमका ठेवावा लागतो. लहान विमानात तो साधारणपणे १० ते २० किलो वजन टांगल्याइतका असतो आणि तो मोजण्याचे खास उपकरण मिळते.

ताण कमी-जास्त करण्यासाठी दोरात टर्नबकल बसवतात. विजेच्या खांबाच्या ताणतारेला किंवा मांडवाच्या तारेला ते तुम्ही पाहिले असेल. मध्ये एक नळी आणि तिच्या दोन टोकांना दोन स्क्रू; एकाचे आटे उजवे तर दुसऱ्याचे डावे. त्यामुळे नळी एका दिशेने फिरवली की दोन्ही स्क्रू एकदम आत येतात आणि दोर ताणला जातो. उलट फिरवली की दोन्ही बाहेर जातात. दोन्हींकडे सारखेच आटे असते तर एक आत आणि दुसरा बाहेर गेला असता व ताण तसाच राहिला असता! स्क्रूचे तीनपेक्षा अधिक आटे नळीबाहेर दिसता कामा नयेत असा नियम आहे, नाही तर पकड अपुरी राहते. शेवटी, इंजिनाच्या हादऱ्यांनी नळी आपोआप फिरू नये म्हणून ती बारीक तारेने बांधून टाकतात.

आता एक गंमत पाहा. विमानाचे धड ॲल्युमिनियमचे आणि दोर पोलादाचा. ॲल्युमिनियमचा रेषीय प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.००००२३ आणि पोलादाचा सुमारे ०.००००१२. हिवाळ्यातील पहाटे १४ अंशांवर ताण बरोबर लावला आणि एप्रिलच्या दुपारी विमान ३९ अंशांवर गेले. फरक २५ अंशांचा. ५ मीटर लांबीत धड दोरापेक्षा किती अधिक वाढेल?

५००० मिमी × ०.००००११ × २५ = सुमारे १.४ मिमी.

दीड मिलिमीटरही नाही, पण ताठ पोलादी दोराला तो पुरेसा असतो. ताण काही किलोंनी वाढतो. उलट, उंचावर गारठ्यात धड अधिक आखडते आणि दोर सैल पडतो. म्हणून अशा विमानांच्या पुस्तिकेत कोणत्या तापमानाला किती ताण ठेवावा याचे कोष्टक दिलेले असते.

तीन अपघात

विमानविद्येच्या इतिहासात या साध्या जोडणीने मोठ्या माणसांचेही बळी घेतले आहेत.

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटन येथे बोइंग कंपनीचे 'मॉडेल २९९' हे नवे विमान उडताच कोसळले. विमान उभे असताना वाऱ्याने उत्थापक हलू नये म्हणून जो खिटीसारखा अटकाव घालतात, तो काढायचा राहून गेला होता. वैमानिक अत्यंत अनुभवी होते. या अपघातानंतर उड्डाणापूर्वी लेखी यादी वाचून एकेक गोष्ट तपासण्याची प्रथा रूढ झाली.

२३ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्लंडमध्ये वुडफर्ड येथे 'एव्ह्रो ट्यूडर' विमान पडले. त्यात रॉय चॅडविक मृत्यू पावले. दुसऱ्या महायुद्धातील प्रसिद्ध 'लँकेस्टर' विमानाचे हे रचनाकार. येथे उत्थापक नव्हे, तर पंखांवरच्या फळ्यांचे दोर दुरुस्तीच्या वेळी उलटे जोडले गेले होते. वैमानिकाने एका बाजूला झुकवण्यास सांगितले आणि विमान दुसऱ्या बाजूला झुकले.

तिसरा अपघात विचार करायला लावणारा आहे. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत शार्लट येथून उडालेले 'बीच १९००' जातीचे प्रवासी विमान नाक वर करून चढत गेले, त्याचा वेग घटला व ते पडले. त्यातील २१ जण मरण पावले. दोन दिवस आधी उत्थापकाच्या दोरांचा ताण टर्नबकल फिरवून दुरुस्त केला होता. परंतु त्या कामात उत्थापकाचा खालच्या बाजूचा फेरा सुमारे निम्म्यावर आला होता, आणि पूर्ण फेरा मोजण्याची पायरी वगळली गेली होती. गंमत म्हणजे दुरुस्तीनंतर ते विमान नऊ वेळा सुखरूप उडाले! मग दहाव्या वेळीच का पडले? आपले गणित आठवा. त्या दिवशी विमानातील भार मर्यादेपेक्षा अधिक होता आणि गुरुत्वमध्य फार मागे गेला होता. नाक खाली आणण्यासाठी उत्थापक पूर्ण खाली न्यावा लागला, आणि नेमका तेवढा फेरा शिल्लक नव्हता. नऊ उड्डाणे नीट झाली, म्हणून जोडणी बरोबर, असा निष्कर्ष काढता येत नाही.

अटकलेला, उलटा आणि अपुरा : नियंत्रणाचे हे तीन दोष. तिन्ही दोष जमिनीवर पाच मिनिटांत सापडले असते.

उड्डाणापूर्वीची तपासणी

या अपघातांतून आणि अनुभवातून काही शिस्त तयार झाली आहे. घरी विमान बांधणाऱ्यांनाही तीच पाळावी लागते. ती थोडक्यात अशी :

१. जोडणी ज्याने केली त्याच्याखेरीज दुसऱ्या जाणकाराने ती स्वतंत्रपणे तपासायची. आपली चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही. निबंधातील शुद्धलेखनाच्या चुका मित्राला चटकन दिसतात तसेच हे.

२. दांडी पूर्ण मागे, पूर्ण पुढे न्यायची. प्रत्येक वेळी उत्थापक कोणत्या बाजूला गेला ते मोठ्याने बोलून सांगायचे. 'हलतो' एवढे पुरेसे नाही, 'वर गेला' असे म्हटले पाहिजे.

३. एकाने उत्थापक हाताने हलकेच अडवून धरायचा आणि दुसऱ्याने दांडी ओढायची. एखादी खिळी बसायची राहिली असेल किंवा सांधा नुसताच टेकलेला असेल, तर तो या वेळी उघडा पडतो. ग्लायडर जोडणारे लोक हे नेहमी करतात.

४. कोन मोजून नकाशातील आकड्यांशी ताडून लिहून ठेवायचे.

५. प्रत्येक नटाची खिळी व प्रत्येक टर्नबकलची बांधलेली तार एकेक करून पाहायची.

यात एकही गोष्ट अवघड नाही. अवघड असते ती प्रत्येक वेळी, कंटाळा न करता, पहिल्यांदाच पाहतो आहोत अशा रीतीने पाहणे. प्रयोगशाळेत वाचन घेताना 'मागच्या वेळी आले होते तेवढेच असणार' असे म्हणून आकडा लिहू नये, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असतो. विमानाच्या बाबतीत त्या सवयीची किंमत गुणांत मोजली जात नाही.

करून पाहा

जाड पुठ्ठ्याची २० सेंटिमीटरची पट्टी ही दांडी. दुसरा पुठ्ठा इंग्रजी टी अक्षराच्या आकारात कापून असा आडवा ठेवा, की त्याची लांब दांडी उजवीकडे येईल. ती म्हणजे उत्थापक, आणि उभी पट्टी म्हणजे दोन शिंगे. एका फळीवर ३० सेंटिमीटर अंतर ठेवून दोन्ही तुकडे टाचण्यांनी असे बसवा, की ते सहज फिरतील. टाचणीच्या वर व खाली २-२ सेंटिमीटरवर भोके पाडून दोन दोरे ताणून बांधा. प्रथम समांतर, मग फुलीसारखे. दोन्ही वेळा दांडी मागे ओढा आणि उत्थापकाची दिशा वहीत टिपा.

नंतर या प्रश्नांची उत्तरे शोधा. (अ) शिंगावरील भोक २ ऐवजी ४ सेंटिमीटरवर पाडले आणि दांडी तेवढीच फिरवली, तर उत्थापक अधिक फिरेल की कमी? (आ) दोन दोऱ्यांऐवजी एकच ताठ काडी वापरली, तर ती दांडीच्या कोणत्या भोकापासून कोणत्या शिंगाला जोडावी? याची दोन बरोबर उत्तरे आहेत. (इ) दोऱ्याच्या मध्ये एक फिरती पट्टी घालून दिशा पुन्हा उलटवता येईल का?

उत्तरे कागदावर काढून झाली तरी तेथे थांबू नका. प्रतिकृती हलवा, आणि तिच्या दुसऱ्या टोकाकडे पाहा.